बाकी दहाव्याला बोलू

आमचे नाना दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा ते बागेत द्राक्षं खुडत होते, आणि घरासमोरची रडारड ऐकून कोण गेलं ते बघायला स्वतःच आले.

दुसऱ्यांदा गेले ते यंदाच्या माघात. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ते झोपेत गेले, शांतपणे, कुणाशीही वाद न घालता (हे त्यांच्या स्वभावाला अजिबात धरून नव्हतं). भेटायला येणाऱ्या माणसांची वर्दळ आता थांबली आहे. घर इतकं गप्प आहे की वडील गेल्याचं दुःख करावं की वाद गेल्याचं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून मी त्यांच्या पहिल्या जाण्याबद्दल लिहायला बसलो. त्यात निम्मा दोष विजेचा होता आणि निम्मा माझ्या मराठीचा.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळतो. तिथं बोलावं लागत नाही. उलट दुसरं कुणी बोललं तर 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवण्याचा मला पगार मिळतो. लिहितानाही माझी एकच हौस, वाक्य छोटं असावं. जिथं तीन शब्दांत भागतं तिथं चौथा म्हणजे मला उधळपट्टी वाटते. नानांचं उलटं होतं. त्यांना दिवसाला एक वाद लागायचा. औषधाच्या दुकानात, पतपेढीत, नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात, कुठंही. वाद जिंकला तर ते दोन भाकरी खायचे आणि हरले तर तीन.

फक्त एका माणसाशी ते वाद घालत नसत, कारण त्या माणसाशी त्यांचं बोलणंच नव्हतं. ती त्यांची सख्खी धाकटी बहीण, डिंगोऱ्याची आमची इंदुआत्या. नव्वदच्या दशकातल्या एका विश्वचषकाच्या दिवसांत आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. उन्हाचा कडाका म्हणून नानांना जीप देऊन आळेफाट्याला बर्फ आणायला पाठवलं. (मुहूर्ताच्या तोंडावर नवरीच्या मामाला मांडवाबाहेर सोडू नये, हे लग्नात जमलेल्या एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.) आळेफाट्याला एका हॉटेलात टीव्ही होता, टीव्हीवर मॅच होती आणि मॅचच्या शेवटच्या ओव्हर चालू होत्या.

इकडे भटजींनी पुकारा केला, "मामा, नवरीला घेऊन या." नवरी तयार, मामा नाही. भटजींनी पुकारून पुकारून घसा बसवून घेतला. शेवटी मुहूर्त टळेल म्हणून आत्याच्या चुलत दिरालाच मामा म्हणून उभं केलं. म्हणजे सख्खा मामा असताना नवरीला चुलत्यानं मांडवात आणलं. नाना आले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि जीपमध्ये नुसतं ओलं पोतं होतं.

आत्यानं आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "कोन जिकलं?"

नानांनी तिला स्कोअरसकट सांगितलं.

तिथं सगळं संपलं. आत्या त्यानंतर दहा-अकरा वर्षं आमच्या उंबऱ्याला आली नाही. नाना दर भाऊबीजेला हटकून आजारी पडायचे आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत व्हायचे. इंदी एकदा या घरात येऊन बसावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते तोंडानं म्हणणं म्हणजे वाद हरणं, आणि तीन भाकऱ्यांत मावेल असा तो वाद नव्हता.

आता यात एक कार्टून कसं आलं ते सांगतो. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंग इतकं होतं की लाइट आली की माणसं घड्याळ न बघता विहिरीवरची मोटार चालू करायला पळायची. घरात टीव्ही बघण्याजोगी लाइट असायची ती दुपारी, आणि त्या वेळेला एकच कार्यक्रम नीट दिसायचा: हिंदीत बोलणारं एक परदेशी कार्टून. एका बेटावरच्या दीपगृहात राहणारा एक म्हातारा आणि त्याचं पाणमांजर. ते कार्टून किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. म्हाताऱ्याची टोपी तीच, दाढी तीच, वय तेच. बातम्या आणि कीर्तन यांच्या वेळेला अंधार आणि म्हाताऱ्याच्या वेळेला उजेड, अशा शासकीय योजनेमुळे नाना साठीनंतर कार्टूनचे भक्त झाले.

आत्याचा मुलगा सतीश चाकणच्या एका कारखान्यात होता. वडीलधाऱ्यांचं बोलणं नसलं तरी आम्हा मामेभाऊ-आतेभावांचं चोरून होतं. त्यानंच मला नारायणगावच्या एका सायबर कॅफेत बसवून दाखवलं की या कार्टूनवर वाद घालणाऱ्यांचं इंटरनेटवर एक मराठी मंडळ आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि भांडायचं. कार्टून नसलं की तीच माणसं क्रिकेटवर भांडायची. मी घरी येऊन नानांना सांगितलं.

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे लांबच्या, वळख न पाळख अशा मानसासंगं भांडायचं? अन् त्यो घरी येऊन मारीत बी न्हाई?"

"नाही."

"एवढी सोय हाय, अन् तू मला आत्ता सांगतोस?"

मग दर शनिवारी नाना प्लॅस्टिकच्या खुर्चीत माझ्या शेजारी बसून सांगायचे आणि मी टाइप करायचो. मंडळातला मुख्य वाद एकच होता. काहींचं म्हणणं, दीपगृहातला म्हातारा पहिल्या भागापासूनच मेलेला आहे. आपण बघतो तो त्याचा आत्मा. नानांचं म्हणणं, म्हातारा जिवंत आहे.

मुंबईच्या कुणी लिहिलं, "बेटावरचा एकही माणूस म्हाताऱ्याशी बोलत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही का?"

"लिही त्याला," नाना म्हणाले, "आमच्या गावात सोसायटीच्या सेक्रेटरीसंगं बी कोन बोलत न्हाई. म्हंजे त्यो मेला का? अन् ह्यो म्हातारा रोज सकाळी च्या गार झाला म्हनून कुरकुर करतोय. मेलेलं मानूस च्यासाठी कुरकुर करील व्हय? त्याला गार काय, गरम काय."

मी टाइप केलं: "कुरकुर हे सजीवाचं लक्षण आहे."

नाना कीबोर्डकडे बघत राहिले. "मी एवढं बोललो, अन् तू एवढीच टकटक केली?"

"आशय आला ना नाना."

"आशय आला, पर मी कुठं आलो?"

त्या वेळी मला वाटलं, त्यांना शैली कळत नाही.

मंडळात एक 'चाकणकर' नावाचा सभासद कायम नानांच्या बाजूनं लिहायचा. "ह्या गड्याला अक्कल हाय," नाना म्हणायचे. "कुना चांगल्या घरातला दिसतोय." तो सतीश होता. मी पुढचं टाइप करत राहिलो.

मग विश्वचषक आला. आपला संघ अंतिम सामना खेळणार, हे नानांनी आधीच मंडळात लिहून टाकलं होतं (त्यांची दहा वाक्यं, माझे पाच शब्द). त्या वर्षी आपला संघ पहिल्याच फेरीत परत आला. मंडळानं नानांची जी थट्टा मांडली ती मी त्यांना अर्धीच वाचून दाखवली. नाना त्यानंतर क्रिकेटवर बोलेनासे झाले. आता सगळी इज्जत म्हाताऱ्यावर होती. तेवढ्यात वाहिनीनं जाहिरात केली: म्हातारा आहे की नाही, याचं उत्तर दहा भागांच्या खास मालिकेत, रोज एक भाग. जाहिरातीत म्हातारा दीपगृह सोडून नावेत बसताना दाखवला होता.

आणि पहिला भाग होता त्याच दिवशी आमच्या लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. दुपारची लाइट पहाटेवर गेली. बागेत माल खुडायला आलेला, नानांना गाव सोडता येईना. सकाळी मी नारायणगावला निघालो तेव्हा ते बांधावरून ओरडून सांगत होते.

"मंडळाला सांग, नाना आता हितं न्हाईत म्हनावं, बागंत माल चाललाय, लाइटीचं टायमिंग बदललंय, तवा भाग काय बघाया मिळायचा न्हाई. म्हातारा नावंत बसून कुठं गेला आसंल तर गेला आसंल, यील परत. अन् काय भांडायचं ते दहावा भाग बघून भांडू. तवर दम धरा म्हनावं."

दुपारी मी कॅफेत बसलो. मंडळात गर्दी उसळली होती. पहिल्या भागाच्या शेवटी म्हातारा नावेत बसून निघून गेला होता आणि पाणमांजर एकटंच पायरीवर बसलं होतं. सगळे विचारत होते, नाना कुठे आहेत? मी बोटं उचलली तोच लाइट गेली आणि कॅफेवाल्याची बॅटरी टिटी करायला लागली.

"सर, आवरा पटकन. आत्ता बंद पडंल."

अशा वेळी संक्षेप कामाला येतो. नानांचं सगळं म्हणणं मी मनात पिळून घेतलं आणि लिहिलं:

"नाना आता नाहीत. म्हातारा गेला. बाकी दहाव्याला बोलू."

पडदा काळा झाला. मला फार समाधान वाटलं. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे दहावा म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी मांडव पडतो, खुर्च्या लागतात, प्रवचन होतं, आणि मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं. लग्नाला नाही गेलं तरी चालतं, दहाव्याला जावंच लागतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण लिहिताना मी व्याकरणाकडे बघतो, गावाकडे बघत नाही.

परत येताना केस कापून घ्यावेत म्हणून मी स्टँडजवळच्या सलूनमध्ये बसलो. लाइट तेवढ्यात आली होती. कारागिरानं मशीन लावलं, डावी बाजू बारीक केली, आणि लाइट पुन्हा गेली.

"आता?" मी विचारलं.

"आता दोन रस्ते हायेत सर. असंच घरी जा अन् लाइट आल्यावर या, न्हाईतर वस्तरा."

अर्ध्या डोक्यानं एसटीत बसण्यापेक्षा मी वस्तरा पत्करला. घरी आल्यावर बायकोनं, मंदानं, माझ्या गोट्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सासरे धडधाकट असताना हे काय अभद्र करून आलात?" मला ते बोलणं उगाचच मागासलेलं वाटलं.

त्या संध्याकाळी सतीशनं चाकणला मंडळ उघडलं आणि माझी तीन वाक्यं वाचली. त्यानं माझा मोबाइल लावून पाहिला. लाइट नसल्यामुळे तो चार्ज नव्हता. घरचा फोन रस्ता खोदल्यापासून मुका होता. मग त्यानं डिंगोऱ्याला आईला फोन केला. (पुढे तो मला म्हणाला, "दादा, तू 'न्हाईत' लिहिलं असतंस ना, तर मी समजलो असतो बाहेर गेलेत. पण तू 'नाहीत' लिहिलंस. एवढं शुद्ध मराठी माणूस फक्त मयताच्या वेळेलाच लिहितो.")

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून ओट्यावर बसलो होतो. एक जीप आली. तिच्यातून डिंगोऱ्याच्या पाच-सहा बायका उतरल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरे पिठलं-भाकरी आणतात. तशी फडक्यात बांधलेली टोपली एकीच्या डोक्यावर होती. सगळ्यांत शेवटी इंदुआत्या उतरली.

मी उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांनी आत्या दारात! तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. टॉवेलकडे पाहिलं. जवळ येऊन अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं, "माती झाली?"

आदल्या संध्याकाळीच आम्ही बागेत टाकायला लाल माती आणवली होती. तिचा ढीग अंगणाच्या कडेला दिसत होता. मला वाटलं, एवढ्या वर्षांचा अबोला सोडताना माणूस असाच साध्या गोष्टीपासून सुरुवात करत असेल.

"झाली की आत्या," मी म्हणालो. "काल सांजच्यालाच. दोन ट्रॉल्या टाकल्या."

आत्यानं जो हंबरडा फोडला तो मी जन्मभर विसरणार नाही. "आरं, सख्ख्या बहिनीला मातीला बी बोलावलं न्हाई रं! दोन ट्रॉल्या टाकल्या म्हनतोय!" बरोबरच्या बायकांनी सूर लावला. मी "आत्या, आत्या, अहो नाना..." एवढं म्हणालो, पण नानांचं नाव काढताच रडणं दुप्पट झालं. दुःखाच्या त्या पुरात मला एकही छोटं वाक्य सापडेना.

शेजारचा बबन पळत आला. "काय झालं? कोन गेलं?"

"माझा भाऊ गेला रं!" आत्या म्हणाली.

बबननं सकाळीच नानांना बागेकडे जाताना पाहिलं होतं. तो मटकन खाली बसला. "आत्ता तर माझ्यासंगं युरियावरून भांडले व्हते," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. बबन रडतोय म्हटल्यावर आळी जमली. मंदा आतून धावत आली. तिनं रडणारी आळी पाहिली, माझं डोकं पाहिलं आणि तीही रडायला लागली. ती मला नंतर म्हणाली, "मला वाटलं, बागेत काहीतरी झालं. तुम्ही तोंड उघडून सांगाल तर ना."

आणि बागेकडून नाना आले. हातात खुडायची कात्री होती. गर्दीच्या मागं उभं राहून त्यांनी पुढच्या माणसाला विचारलं, "कोन गेलं रं?"

त्यानं मागं न बघता सांगितलं, "नाना गेले."

"कोंचे नाना?"

"आपले नाना."

नानांनी टोपी काढली. दोन क्षण मान खाली घालून उभे राहिले. मग गर्दीतल्या फटीतून त्यांना आत्या दिसली.

"इंदी?" ते म्हणाले.

रडणं थांबलं. आत्यानं वर पाहिलं. बाकीच्यांनी मागं पाहिलं आणि नानांच्या भोवती एकदम मोकळी जागा झाली. बबननं जवळ जाऊन त्यांच्या दंडाला बोट लावून पाहिलं.

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाना, म्हातारा, पाणमांजर आणि दहावा भाग असं जमेल तसं सांगितलं. ऐकून घेतल्यावर बबन म्हणाला, "म्हंजे कार्टूनमधला म्हातारा मेला, म्हनून तू आमाला रडावलं?"

"मेला नाही," नाना म्हणाले. "त्यो नावंत बसून गेलाय."

पण आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उभी राहिली. नानांकडे न बघता मला म्हणाली, "सांग तुझ्या बापाला. मी मेलेल्याला भेटाया आले व्हते. जित्यासंगं माझं बोलनं न्हाई." आणि जीपवाल्याला म्हणाली, "गाडी वळव रं."

मी नानांकडे पाहिलं. मुंबई-पुण्याच्या माणसांना गप्प करणारा हा माणूस अंगणात नुसता टोपी हातात घेऊन उभा होता. जीपवाल्यानं किल्ली फिरवली. इतक्या वर्षांनी आलेली बहीण आता गेली की खऱ्या मयतालाच येणार, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

"बाळू," नाना मला म्हणाले, "तिला म्हन, मी मेलोय आसं धर. अन् बोल काय बोलायचं ते."

आत्या थांबली. "मेलेलं मानूस बोलतंय व्हय?" तिनं मला विचारलं.

नानांनी तोंड मिटलं. पडवीत जाऊन खाटेवर बसले. मग थोडा विचार करून आडवे झाले आणि दोन्ही हात छातीवर ठेवून डोळे मिटले. कात्री अजून हातातच होती. ती मंदानं हळूच काढून घेतली.

आत्या पडवीत आली, खाटेच्या उशाशी बसली आणि बोलायला लागली. बर्फापासून सुरुवात झाली. नवरी आतल्या खोलीतून "मामा आला का?" म्हणून कितीदा विचारत होती ते झालं. चुलत दीर मामा झाला म्हणून त्यानं पुढे मानाचा फेटा कसा मागून घेतला ते झालं.

"आगं, त्याला मी..." नानांनी डोळे उघडले.

"मेलेलं मानूस बोलत न्हाई."

नानांनी डोळे मिटले.

"दर साली बिननावाची द्राक्षाची पेटी यायची," आत्या म्हणाली. "आमी काय तुझी बाग वळखत न्हाई व्हय? एक मनी तोंडात घातला न्हाई मी." जरा थांबून म्हणाली, "पोरांनी खाल्ली. ग्वाड व्हती म्हनत्यात."

नानांच्या ओठांची हालचाल झाली. बागेची स्तुती ऐकून गप्प राहणं त्यांना जिवंतपणी कधी जमलं नव्हतं. आळी सगळी पडवीच्या कडेला बसून ऐकत होती. एकतर्फी चाललेला वाद नानांच्या आयुष्यात हा पहिलाच.

बोलता बोलता आत्याचा आवाज खाली आला. "काल आमच्या सतीशचा फोन आला," ती म्हणाली, "तवा माझ्या मनात पैलं काय आलं म्हाईत हाय का? आता मी भांडू कुनासंगं, ह्ये आलं."

नानांचे डोळे मिटलेलेच होते, पण कडेनं पाणी निघून कानापर्यंत गेलं. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं का, यावर त्या दिवशी कुणीच वाद घातला नाही.

बऱ्याच वेळानं आत्या म्हणाली, "ऊठ आता. पिठलं गार झालं."

नाना उठून बसले. टोपली सोडली गेली. मयतासाठी आणलेलं पिठलं मयतासकट सगळ्यांनी खाल्लं. नानांनी किती भाकऱ्या खाल्ल्या ते मी मुद्दाम बघितलं नाही. वाद जिंकला की हरला हे त्यांनाही ठरवता आलं नसतं.

ऊन कलायच्या आत जीप निघाली. मयताच्या घरून निघताना आमच्याकडे 'येते' म्हणत नाहीत. माणूस गुपचूप उठून चालू लागतो, पुन्हा अशासाठी येणं नको म्हणून. आत्याबरोबरच्या बायका सवयीनं काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसल्या. आत्याही गेली. नाना ओट्यावर उभे होते. तिनं आत एक पाय ठेवला, थांबली, आणि मागं वळून जरा रागानंच म्हणाली, "येते."

"ये," नाना म्हणाले. त्यांचं सगळ्यांत छोटं वाक्य.

पुढच्या शनिवारी मी मंडळात खुलासा केला, नाना आहेत. मंडळानं विश्वास ठेवला नाही. तोपर्यंत तिथं श्रद्धांजलीचे पंचवीस-तीस संदेश जमले होते आणि ज्यांनी विश्वचषकावरून थट्टा केली होती त्यांनी तर फारच सुंदर लिहिलं होतं. नानांनी या वेळी सगळं वाचून घेतलं. "जित्या मानसाला ही लोकं जितेपनाचा दाखला मागत्यात," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. मेल्यावर एवढं चांगलं बोलत्यात, तर आपन कशाला मोडता घालायचा?" दहाव्या भागापर्यंत लाइट पुन्हा दुपारवर आली होती आणि तो बघायला आत्या येऊन बसली होती. म्हातारा नाव घेऊन परत आला आणि त्यानं चहा गार झाल्याची कुरकुर केली. नानांनी फक्त आत्याकडे पाहिलं. "बघतीय मी," आत्या म्हणाली. "पर पानमांजराशिवाय त्याच्यासंगं कोन बोललं का?" आणि दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत भांडली.

ती पुढची दोन-तीन वर्षं तशीच गेली, भांडणात. यंदा माघात खरोखर सांगायची वेळ आली तेव्हा मी डिंगोऱ्याला स्वतः गेलो. आत्या बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मला काही बोलावंच लागलं नाही. दहाव्यापर्यंत ती आमच्याकडेच होती. रोज पडवीत रिकाम्या खाटेच्या उशाशी बसून ती हळू आवाजात काही तरी सांगायची, मधेच थांबायची, आणि कुणी आडवं बोललं नाही हे लक्षात आल्यावर पुढं बोलेनाशी व्हायची.

दहावा झाल्यावर ती निघाली. रीतीप्रमाणे काही न बोलता पिशवी उचलली, पायरी उतरली. आणि मी, वर्षभरात शंभर शब्द न बोलणारा माणूस, सगळे पाहुणे बसलेले असताना मोठ्यानं म्हणालो, "या हं आत्या परत."

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मयताच्या दारात असं म्हणत नाहीत, हे आमच्याकडे न शिकलेल्यांनाही कळतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र परत फिरली. माझ्या तुळतुळीत डोक्यावरून तिनं हात फिरवला.

"येईन की," ती म्हणाली. "फकस्त एक कर बाळा. इथून पुढं कुनाला काय कळवायचं झालं, तर तू लिहू नको."